लॉरेंझो व्हाला आणि कॉन्स्टंटाईनचें दानपत्र

आपल्या महाराष्ट्रांत जुन्या घराण्यांतून सनदा, ताम्रपट व महजर जपून ठेवण्याची चाल पिढ्यानपिढ्या होती. रेशमी रुमालांत गुंडाळलेला तो कागद वर्षांतून एखाद्या शुभ दिवशीं बाहेर निघे, घरांतील वडील माणूस तो कपाळीं लावी, आणि पुन्हां तो पेटींत बंद होई. त्यावर काय लिहिलें आहे हें वाचणारा घरांत बहुधा कोणी नसे. परंतु शेताचा बांध, उत्सवांतील मान, पाटिलकीचा हक्क हीं सर्व त्या एका कागदाच्या आधारावर उभीं असत. इंग्रज सरकारनें इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अशा सनदांची छाननी करण्याचा अधिकार दिला, तेव्हां कित्येक घरांना धडकी भरली. आपला कागद खरा असला तरी तो खरा आहे हें सिद्ध करावयाचें कसें, हा प्रश्न त्यांस पडला. आणि ज्यांचा कागद खोटा होता त्यांचें काय झालें असेल तें सांगावयास नको.

युरोप खंडांतही अशीच एक सनद होती. ती एखाद्या पाटील-देशमुखाची नव्हे, तर खुद्द रोमच्या पोपची. तींत गांव किंवा परगणा इनाम दिलेला नव्हता. रोम शहर, सारी इटली व पश्चिमेकडील सर्व प्रांत दिलेले होते. शेंकडों वर्षें राजे, कायदेपंडित आणि धर्मगुरु यांनीं ती खरी मानली. ती खोटी आहे हें ज्यानें पुराव्यानिशीं दाखवून दिलें, त्या लॉरेंझो व्हाला नांवाच्या इटालियन पंडिताचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. हा साधुपुरुष नव्हता, हें आधींच सांगून टाकितों. तो भांडखोर होता, गर्विष्ठ होता, आणि त्याच्या जिभेला लगाम नव्हता. परंतु कागद कसा वाचावा, हें युरोपांतील विद्वानांनीं पुष्कळ अंशीं त्याच्यापासून शिकून घेतलें.

प्रथम त्या सनदेविषयीं दोन शब्द. कॉन्स्टंटाईन हा ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करणारा पहिला रोमन बादशहा. त्यानें इ. स. ३०६ पासून ३३७ पर्यंत राज्य केलें. त्याच्या काळीं रोमच्या धर्मपीठावर सिल्व्हेस्टर नांवाचा पोप होता. सनदेंतील कथा अशी, कीं बादशहास कुष्ठरोग जडला, सिल्व्हेस्टरनें बाप्तिस्मा देतांच तो बरा झाला, आणि कृतज्ञ होऊन त्यानें आपला मुकुट, राजवस्त्रें, राजवाडा व पश्चिमेचें राज्य पोपास अर्पण करून स्वतः पूर्वेकडे प्रयाण केलें. हेंच तें कॉन्स्टंटाईनचें दानपत्र. इ. स. १०५४ च्या सुमारास पोप लिओ नववा याच्या बाजूनें पूर्वेकडील धर्माध्यक्षाशीं जो वाद झाला, त्यांत हें दानपत्र पुराव्यादाखल पुढें करण्यांत आलें. आणि पुढें धर्मशास्त्राच्या संग्रहांतही त्याला जागा मिळाली.

त्याविषयीं कोणीच शंका घेतली नाहीं असें मात्र नाहीं. बादशहा तिसरा ऑटो यानें इ. स. १००१ च्या सुमारास तें बनावट असल्याचें म्हटलें होतें; पण तो स्वतःच राज्याचा दावेदार, तेव्हां त्याच्या म्हणण्यास कोण मान देणार? महाकवि दान्ते याला हें दान मुळींच आवडलें नव्हतें. धर्मपीठाच्या हातीं राज्य व द्रव्य गेल्यानें धर्माचें नुकसान झालें असें त्याचें मत होतें. तरीही दान झालेंच नाहीं असें त्याच्या मनांत आलें नाहीं. न आवडणारी गोष्ट देखील माणसें किती सहज खरी मानून चालतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे. इ. स. १४३३ मध्यें क्यूसा येथील निकोलस या विद्वान् धर्मगुरूनें, जुन्या इतिहासकारांच्या ग्रंथांत या दानाचा मागमूस सांपडत नाहीं, असें सौम्य शब्दांत नमूद केलें. त्यानंतर सात वर्षांनीं व्हाला पुढें आला, आणि त्याच्या शब्दांत सौम्यपणा औषधालाही नव्हता.

व्हालाचा जन्म रोम येथें इ. स. १४०७ च्या सुमारास झाला. त्याचा बाप वकील असून पोपच्या दरबारीं कामास होता. मामाही पोपच्या कचेरींतील चिटणीस. घरांत लॅटिन भाषेचा व्यासंग होता, आणि मुलगा तीव्र बुद्धीचा निघाला. त्यानें लॅटिनबरोबर ग्रीकचाही अभ्यास केला. त्या काळीं इटलींत प्राचीन ग्रंथांचा शोध जोरांत चालला होता. मठांच्या अडगळींतून जुन्या पोथ्या बाहेर निघत होत्या, आणि अशी एखादी पोथी सांपडली कीं विद्वानांना राज्य मिळाल्याचा आनंद होई. सिसेरोची भाषा हा लॅटिन लेखनाचा कळस, असें सर्व पंडितांचें मत होतें. विशीच्या उंबरठ्यावरील या तरुणानें एक निबंध लिहून क्विंटिलियन हा सिसेरोहून सरस असल्याचें प्रतिपादन केलें! वडीलधाऱ्या पंडितांच्या कपाळाला आंठ्या पडल्या. त्यांत पोज्जो ब्राच्चोलिनी हा पोपच्या दरबारचा प्रसिद्ध चिटणीस होता. पुढें मामा वारला, तेव्हां त्याची जागा आपणांस मिळावी म्हणून व्हालानें खटपट केली. परंतु उमेदवार फार लहान आहे असें सांगून पोज्जो प्रभृतींनीं ती हाणून पाडली. हें वैर दोघांच्या म्हातारपणापर्यंत टिकलें.

रोम सोडून तो पाव्हिया येथील विद्यापीठांत अलंकारशास्त्राचा अध्यापक झाला. तेथेंही त्याचें फार दिवस जमलें नाहीं. त्या विद्यापीठांत कायद्याच्या अध्यापकांचा मोठा दबदबा होता, आणि त्यांचा आराध्यपुरुष म्हणजे बार्तोलुस हा मागील शतकांतील भाष्यकार. मूळ रोमन कायद्याचे शब्द न वाचतां त्यावरील भाष्यें व भाष्यांवरील टीपा घोकावयाच्या, अशी तेथील रीत. व्हालानें एक पत्रक लिहून सांगितलें कीं या बार्तोलुसला धड लॅटिन येत नाहीं, आणि ज्याला कायद्याचे शब्द समजत नाहींत त्याला कायदा काय समजणार! कायदेपंडित इतके खवळले कीं इ. स. १४३३ मध्यें व्हालाला पाव्हिया सोडून जावें लागलें. टीपा सोडून मूळ शब्दांकडे जा, हा त्याच्या साऱ्या आयुष्याचा धडा येथेंच दिसतो. तो चांगल्या तऱ्हेनें सांगण्याची कला मात्र त्याला कधींच साधली नाहीं.

इ. स. १४३५ च्या सुमारास त्याला आरागॉनचा राजा आल्फोन्सो याचा आश्रय मिळाला. हा राजा लढवय्या होता आणि विद्येचा भोक्ताही होता. त्याच्या दरबारांत लिव्ही या प्राचीन रोमन इतिहासकाराचा ग्रंथ मोठ्यानें वाचला जाई, आणि अशुद्ध पोथींतील शब्द कोणता खरा यावर पंडितांची झुंज लागे. लिव्हीवर टीका करणें म्हणजे आपल्याकडे जुन्या आचार्यांवर टीका करण्यासारखें होतें; पण व्हालानें तेंही केलें. लिव्हीच्या मतें रोमचा शेवटचा राजा टार्क्विन हा त्याच नांवाच्या पूर्वीच्या राजाचा मुलगा होता. व्हालानें केवळ वयाचा हिशेब मांडला. बाप मेल्यावर मध्यें सर्व्हियस राजानें चव्वेचाळीस वर्षें राज्य केलें. त्यानंतर टार्क्विननें पंचवीस वर्षें. आणि पदच्युत झाल्यावर कांहीं वर्षांनीं तो घोड्यावर बसून लढाईंत उतरला म्हणतात. मग त्या वेळीं त्याचें वय काय असावें? मुलगा नव्हे, नातूच असला पाहिजे, असा व्हालाचा निष्कर्ष. असा हिशेब एका प्राचीन ग्रीक इतिहासकारानेंही मांडला होता. शाळेंतील मुलालाही करतां येईल अशी ही बेरीज आहे. पण आदरणीय ग्रंथांतील गोष्टीवर ती करून पाहण्यास धैर्य लागतें.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. आल्फोन्सोला नेपल्सचें राज्य पाहिजे होतें, आणि पोप यूजीन चौथा यानें त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा पक्ष घेतला होता. हा झगडा चालू असतांनाच, इ. स. १४४० मध्यें, व्हालानें दानपत्रावरील आपला प्रबंध लिहिला.

येथें चतुर वाचक थांबेल आणि विचारील, कीं हा मनुष्य पोपच्या शत्रूचें अन्न खात होता. मग याच्या म्हणण्यावर तरी विश्वास कां ठेवावा? शंका अगदीं रास्त आहे. व्हाला निःपक्षपाती साक्षीदार नव्हता. राजाची मर्जी, जुना अपमान, कीर्तीची हांव, हें सर्व त्याच्या लेखणीमागें होतें. पण त्यानें आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असें म्हटलेंच नाहीं. त्यानें पुरावे असे दिले कीं ते कोणासही, त्याच्या शत्रूलाही, पोथी उघडून ताडून पाहतां यावे. ऑटो बादशहाचा नकार आणि व्हालाचा प्रबंध यांत हाच भेद आहे. पहिल्यांत बोलणाऱ्याचें वजन पाहावें लागतें, दुसऱ्यांत बोलण्याचें.

प्रबंधाचा पहिला भाग वकिली थाटाचा आहे. कोणता राजा आपलें अर्धें राज्य असें देऊन टाकील? त्याचे मुलगे काय म्हणाले असते, रोमचें वृद्धमंडळ काय म्हणालें असतें, आणि खुद्द सिल्व्हेस्टरनेंही असलें दान नाकारलें नसतें काय? अशीं काल्पनिक भाषणें रचून त्यानें पानेंच्या पानें भरलीं आहेत. त्या काळच्या वाचकांना तीं फार गोड वाटलीं असतील. माझ्या मतें हा प्रबंधाचा सर्वांत दुबळा भाग होय; कारण माणसें कित्येकदां अघटित गोष्टी करतात, आणि अमुक संभवत नाहीं एवढ्यावरून तें घडलें नाहीं असें ठरत नाहीं.

खरें बळ पुढें आहे. दान दिलें म्हणतां, तर तें घेतलें कोणी? ताबा कोणाकडे गेला? कोणते अधिकारी बदलले? कॉन्स्टंटाईनच्या पश्चात् त्याच्या मुलांनीं साम्राज्य वांटून घेतलें, आणि पश्चिमेकडे एकामागून एक बादशहा राज्य करीत राहिले, हें त्या काळाजवळच्या युट्रोपियससारख्या इतिहासकारांच्या ग्रंथांवरून उघड दिसतें. पोपनें पश्चिमेवर एक दिवस तरी राज्य केल्याची नोंद कोठें आहे? आणि जर तो राजा झाला, तर त्याचीं नाणीं कोठें आहेत? कॉन्स्टंटाईनचीं नाणीं सांपडतात, त्याच्या मागून आलेल्या बादशहांचीं सांपडतात. व्हालाच्या स्वतःच्या संग्रहीं अशीं जुनीं नाणीं होतीं. सिल्व्हेस्टरचें नाणें मात्र एकही कोणी पाहिलेलें नाहीं.

नाण्याची साक्ष किती मोलाची असते याचा दाखला आपल्याच प्रांतांत आहे. इ. स. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रुप्याच्या नाण्यांचा सांठा सांपडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तीं नाणीं तपासून त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णि यानें आपला छाप पुन्हां ठोकलेला होता. राज्य एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेलें, हें त्या मुक्या धातूनें ग्रंथाहूनही स्पष्ट सांगितलें. सत्ता बदलली कीं तिची खूण कोठें ना कोठें राहतेच. व्हाला अशीच खूण मागत होता.

त्यानंतर तो दानपत्राच्या शब्दांकडे वळतो, आणि येथें त्याचा हात धरणारा त्या काळीं कोणी नव्हता. तो लॅटिन भाषेच्या वापराविषयीं सहा भागांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध करीत होता. कोणता शब्द कोणत्या लेखकानें कोणत्या अर्थानें वापरला, आणि कोणता पुढच्या काळांत शिरला, हें त्याला मुखोद्गत होतें. तो विचारतो, कीं या दानपत्रांत बादशहाच्या अधिकाऱ्यांमध्यें सत्रप कोठून आले? रोमन राज्यांत त्या नांवाचा अधिकारीच नव्हता. हा शब्द इराणचा. मुलांनो, हा शब्द तुम्हांलाही अगदीं परका नाहीं. आतांच ज्या नहपानाचें नांव घेतलें, त्याची क्षत्रप ही पदवी त्याच इराणी शब्दापासून आलेली असून, ती नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत कोरलेली आजही वाचावयास मिळते. वायव्येकडून आलेल्या शक राजांच्या लेखांत ती शोभते. रोमच्या बादशहाच्या तोंडीं ती शोभत नाहीं. शिवछत्रपतींच्या काळची म्हणून कोणी एखादी सनद पुढें केली आणि तींत कलेक्टरसाहेबांचा उल्लेख निघाला, तर आपण काय समजूं?

तीच गत मुकुटाची. दानपत्रांत बादशहाचा डायाडेम हा शुद्ध सोन्याचा व रत्नांचा म्हणून वर्णिला आहे. प्राचीन काळीं हा शब्द कपाळाभोंवतीं बांधावयाच्या वस्त्राच्या पट्ट्यास लावीत. लिहिणाऱ्यानें आपल्या काळचा सोन्याचा मुकुट पाहिला होता, जुना पट्टा पाहिला नव्हता. निशाणाकरितां वापरलेला शब्द तर मुळीं लॅटिनच नव्हे. वाक्यरचना अशी बोजड व अशुद्ध, कीं कॉन्स्टंटाईनच्या काळच्या एखाद्या सामान्य कारकुनानेंही ती केली नसती.

सर्वांत मोठी चूक शहराच्या नांवाची. रोमच्या पोपचा अधिकार ज्या थोर धर्मपीठांवर चालावा म्हणून सांगितलें आहे, त्यांत कॉन्स्टँटिनोपलचें नांव आहे. तें शहर इ. स. ३३० मध्यें प्रतिष्ठित झालें. दानपत्र त्याच्या कित्येक वर्षें आधींचें म्हणवितें. एवढेंच नव्हे, तर त्याच दानपत्रांत पुढें बादशहा म्हणतो कीं आतां आपण पूर्वेस जाऊन आपल्या नांवाचें शहर वसविणार आहों. जें शहर वसावयाचें आहे, त्याचें धर्मपीठ आधींच कसें स्थापन झालें? बनावट कागद करणारा बहुधा अशाच ठिकाणीं फसतो. त्याच्या स्वतःच्या काळीं जी गोष्ट सर्वांच्या अंगवळणीं पडलेली असते, ती पूर्वीं नव्हती हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

हा कागद आला कोठून, हेंही व्हालानें तपासलें. ग्रेशियन नांवाच्या पंडितानें बाराव्या शतकांत धर्मशास्त्राचा संग्रह केला होता. त्यांत दानपत्र आहे म्हणून लोक त्याचा हवाला देत. परंतु संग्रहाच्या सर्वांत जुन्या प्रतींत तें नव्हतें. मागाहून दुसऱ्या कोणीं घुसडलें होतें. हवाला मोठ्या ग्रंथाचा, पण ग्रंथकाराचा नव्हे! शिवाय दानपत्रांतच असें लिहिलें आहे, कीं बादशहानें तें स्वहस्तें संत पेत्राच्या देहावर ठेविलें. मूळ लेख जर थडग्यांत गेला, तर त्याची नक्कल कोणी व केव्हां घेतली, हा प्रश्न सहजच उठतो.

आज विद्वानांचा निर्णय असा आहे कीं हा लेख कॉन्स्टंटाईनच्या सुमारें चारशें वर्षांमागून, म्हणजे आठव्या शतकांत, रचला गेला. व्हालाला निश्चित काळ ठरवितां आला नाहीं. तो चौथ्या शतकाचा नव्हे एवढें त्यानें दाखविलें, आणि तें पुरेसें होतें.

प्रबंध हस्तलिखितरूपानें फिरूं लागला. छापण्याची कला अद्यापि इटलींत पोहोंचली नव्हती. त्यामुळें लगेच मोठा स्फोट झाला नाहीं. पण व्हालाचे शत्रु डोळ्यांत तेल घालून बसले होते. संधि इ. स. १४४४ मध्यें नेपल्स येथें आली. एका धर्मोपदेशकानें आपल्या प्रवचनांत सांगितलें, कीं प्रेषितांचा विश्वासांगीकार बारा प्रेषितांनीं एकत्र बसून, प्रत्येकानें एकेक कलम सांगून, रचला. व्हालानें विचारलें, कीं याला आधार काय? वाद चिघळला, आणि त्याला धर्मन्यायसभेपुढें, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात तीपुढें, उभें राहावें लागलें. गोंव्याचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांना या नांवाचा अर्थ सांगावयास नको. आपल्या धर्ममातेचा जो विश्वास तोच माझा विश्वास, अशा आशयाचें उत्तर देऊन त्यानें वेळ मारून नेली. पण त्याचा खरा बचाव राजानें केला. आल्फोन्सोनें मध्यें पडून चौकशी थांबविली नसती, तर हें चरित्र येथेंच संपलें असतें. आज त्याचें म्हणणेंही सर्वमान्य आहे: विश्वासांगीकाराचे शब्द प्रेषितांच्या मागून, हळूहळू, आजच्या रूपास आले. त्यांतील श्रद्धेला त्यामुळें कोणताच बाध आलेला नाहीं.

याच सुमारास त्यानें आल्फोन्सोच्या पित्याचा इतिहास लिहिला. त्यावरून फाचो नांवाच्या दरबारी पंडितानें त्याच्यावर चुकांची भलीमोठी यादी रचून हल्ला केला. राजेलोकांच्या अशोभनीय गोष्टीही व्हालानें लपविल्या नव्हत्या, हा त्यांतील एक मोठा आक्षेप होता.

यूजीन पोप इ. स. १४४७ मध्यें वारला, आणि निकोलस पांचवा हा पीठावर आला. हा मोठा ग्रंथप्रेमी होता. व्हॅटिकनचें प्रसिद्ध ग्रंथालय त्याच्याच पुढाकारानें उभें राहिलें. ज्या मनुष्यानें पोपच्या राज्याचा मूळ कागद खोटा ठरविला, त्याला या पोपनें इ. स. १४४८ मध्यें आपल्याच कचेरींत नेमलें! कित्येकांना हें नवल वाटतें. व्हालाची विद्वत्ता त्याला पाहिजे होती, हें त्याचें सरळ उत्तर असावें. पोपच्या सांगण्यावरून व्हालानें थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराचें लॅटिन भाषांतर इ. स. १४५२ मध्यें पुरें केलें. पुढें कॅलिक्स्टस तिसरा या पोपनें त्याला चिटणिसाचें पद दिलें; तरुणपणीं जें नाकारलें गेलें होतें, तें शेवटीं पन्नाशीच्या घरांत हातीं आलें.

या काळांत जुना वैरी पोज्जो आणि तो यांच्यांत जें शाब्दिक युद्ध झालें, तें वाचून दोघांचीही कींव येते. एवढे मोठे विद्वान्, आणि भाषा बाजारांतल्या भांडणाची! त्यांतील एक आरोप मात्र येथें सांगण्याजोगा आहे. पोज्जोनें लिहिलें, कीं पाव्हियांत असतांना व्हालानें कर्ज फेडल्याची खोटी पावती तयार केली आणि त्याबद्दल त्याची उघड फजिती झाली. बनावट लेख उघडकीस आणणाराच बनावट लेख करणारा! गोष्ट अशी चटकदार आहे कीं ती खरी असावी असें मनाला वाटूं लागतें. परंतु ती सांगणारा कोण? हाडवैरी. केव्हां सांगतो? जवळजवळ वीस वर्षांनंतर, भांडणाच्या भरांत. ती खोटी आहे असेंही आपल्याला सिद्ध करतां येत नाहीं. तेव्हां ती जेथें आहे तेथेंच, म्हणजे पोज्जोच्या शब्दावर, राहूं द्यावी.

व्हालाच्या हातून आणखी एक काम झालें, आणि ख्रिस्ती वाचकांना तेंच सर्वांत मोठें वाटेल. चर्चमध्यें चालणारें नव्या कराराचें लॅटिन भाषांतर त्यानें ग्रीक पोथ्यांशीं शब्दशः ताडून पाहिलें, आणि नकलणाऱ्यांच्या चुका व भाषांतरांतील उणिवा टिपून ठेविल्या. शास्त्राचे शब्द पवित्र, म्हणूनच ते मूळचे कोणते हें पाहिलें पाहिजे, अशी त्याची दृष्टि होती. हें लिखाण त्याच्या हयातींत फारसें कोणी पाहिलें नाहीं. इ. स. १५०४ मध्यें लूव्हेंजवळील एका मठांत इरॅस्मसला त्याची पोथी सांपडली. दुसऱ्याच वर्षीं त्यानें ती पॅरिस येथें छापविली, आणि इ. स. १५१६ मध्यें स्वतः ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. मूळ भाषेंतून भाषांतर करण्याचा हा प्रघात पुढें देशोदेशीं गेला. आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठींत आणलें, आणि इ. स. १९२२ मध्यें मरण येईपर्यंत त्या या कामास लागलेल्या होत्या, हें पुष्कळांना ठाऊक असेल. व्हालाची टांचणें आणि रमाबाईंचा ग्रंथ यांत जवळजवळ पांच शतकांचें अंतर आहे, वाट एकच.

व्हाला इ. स. १४५७ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस रोम येथें वारला. त्याचें वय सुमारें पन्नास होतें. लॅटरन येथील प्राचीन मंदिरांत तो धर्माधिकारी होता, तेथेंच त्याला पुरलें. त्याचा भाषाविषयक ग्रंथ छापखाने निघाल्यावर पन्नासांहून अधिक वेळां छापला गेला. दानपत्रावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर सुमारें साठ वर्षांनीं जर्मनींत उल्रिख फॉन हुटेन यानें प्रसिद्ध केला, आणि इ. स. १५२० मध्यें तो मार्टिन ल्यूथरच्या वाचनांत येऊन त्याच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. पुढें कार्डिनल बॅरोनियस या रोमन कॅथोलिक इतिहासकारानेंही आपल्या मोठ्या ग्रंथांत दानपत्र बनावट असल्याचें मान्य केलें. दोन्ही पंथांचे विद्वान् या एका गोष्टींत एकमत झाले.

परंतु चित्रें कागदांहून चिवट असतात. ल्यूथर तो प्रबंध वाचीत होता, त्याच सुमारास व्हॅटिकनच्या राजवाड्यांत राफाएलचे शिष्य एक दालन रंगवीत होते. त्याच्या एका भिंतीवर कॉन्स्टंटाईन गुडघे टेंकून पोपच्या हातीं रोम नगरीची लहानशी सुवर्णमूर्ति देत आहे असें भव्य चित्र आहे. तें आजही तेथें आहे, आणि देशोदेशींचे प्रवासी मान वर करून तें पाहतात. व्हालाच्या थडग्याची शिळा मात्र मध्यंतरीं आपल्या जागेवरून नाहींशी झाली होती. प्राचीन रोमच्या दंतकथा पारखणारा नीबूर हा जर्मन इतिहासकार रोम येथें वकील म्हणून राहिला असतां, ती फरसबंदींत बसवून टाकलेली त्याच्या दृष्टीस पडली. आणि नंतर ती पुन्हां लॅटरनच्या मंदिरांत नेऊन ठेवण्यांत आली.